टायर एकाच बाजूनं खातोय? नवा टायर घ्यायच्या आधी या चुका टाळा

माझ्या गाडीचे पुढचे दोन्ही टायर नवे होते. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला असा गोव्याचा रस्ता महिन्यातून दोनदा व्हायचा. सहा हजार किलोमीटरनंतर बेळगावच्या उद्यमबागेत दुसऱ्याच कामासाठी गाडी लिफ्टवर चढवली, तर डावा टायर आतल्या कडेनं गोटा झालेला आणि तारा दिसायच्या बाकी. बाहेरून बघाल तर नक्षी शाबूत! मिस्त्री म्हणाला, "टायर बदलून काय उपयोग? आधी बुश बघायचं की वो." बुश म्हणजे चाकाच्या सांध्यातली रबरी गादी.

पहिली चूक हीच. आपण टायर उभ्यानं, बाहेरून बघतो. स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवा, खाली बसा आणि आतल्या कडेवरून तळवा फिरवा. आतून बाहेर नेताना गुळगुळीत आणि परत आणताना करवतीसारखं टोचत असेल, किंवा याच्या उलट, तर टो बिघडलेला आहे. म्हणजे दोन्ही चाकं समोर सरळ न बघता थोडी आत किंवा बाहेर बघताहेत आणि टायर रस्त्यावर घासत चाललाय. टोचत नाही, पण एकच कड सपाट झालीय, तर कॅम्बर, म्हणजे चाकाचा वरून आत किंवा बाहेर असलेला कल, बघायला सांगा. गोल फिरताना ठरावीक अंतरावर खड्डे-उंचवटे लागले तर संशय शॉकअपवर. मधला पट्टा झिजलाय तर हवा जास्त, दोन्ही कडा झिजल्यात तर हवा कमी. एवढं वाचायला हातच लागतो, मशीन नाही.

दुसरी चूक मी स्वतः केली. यूट्यूब बघून चाकांच्या बाजूनं दोरी ताणली, चाकं तिरकी आहेत हे कळलं (इथवर ठीक, दोरीनं अंदाज खरंच येतो) आणि मग पाना घेऊन एकाच बाजूचा टाय रॉड (स्टिअरिंगनं चाक वळवणारा दांडा) फिरवला. गाडी सरळ धावू लागली, पण स्टिअरिंग मात्र दहा वाजल्यासारखं वाकडं. दोन्ही बाजू सारख्या फिरवाव्या लागतात, आणि इथे मिलिमीटरचा हिशेब असतो. हे काम अलाइनमेंटवाल्याकडेच, म्हणजे मशीनवर चाकांची दिशा आणि कल जुळवणाऱ्याकडेच द्या. पण त्याच्याकडे जायच्या आधी टाय रॉड एंड (त्या दांड्याच्या टोकाचा सांधा), बॉल जॉइंट (चाकाला वळू देणारा गोल सांधा), लोअर आर्मचे (चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याचे) बुश तपासून घ्या. ढिल्या सांध्यावर केलेलं अलाइनमेंट पुढच्या खड्ड्यापर्यंतच टिकतं. माझं दोनदा असंच वाया गेलं. दोन्ही वेळा मशीनचा छापील रिपोर्ट हिरवा, म्हणजे सगळं ठीक होता, आणि मी खूष.

सांधा घरी असा बघा: गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना दगड. पुढचं चाक जॅकवर उचला. नऊ आणि तीन वाजण्याच्या जागी धरून हलवलं आणि खटखट आली तर बहुतेक टाय रॉड. बारा आणि सहाला धरून आली तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली मात्र शिरू नका.

हवेचंही असंच. बेळगावहून निघून निपाणीच्या पंपावर हवा बघितली तर टायर तापलेला असतो, आकडा तीन-चार पीएसआयनं जास्त दिसतो. तिथे हवा सोडली की सकाळी थंड टायरमध्ये कमी पडते, आणि झिजतात दोन्ही कडा. सकाळी, गाडी हलवायच्या आधी मोजा. आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवरचा घ्या. टायरवर छापलेला असतो तो कमाल मर्यादेचा, तो भरायचा नसतो.

ऊस सुरू झाला की आणखी एक गंमत. समोरून डबल ट्रॉलीचा ट्रॅक्टर आला की आपण डांबर सोडून खाली उतरतो आणि परत वर चढताना टायरची बगल डांबराच्या धारेवर घासते. दोन दिवसांनी तिथे फुगा दिसतो. आतले धागे तुटलेले असतात, त्याला दुरुस्ती नाही. पंक्चरची पट्टीसुद्धा नक्षीच्या भागापुरतीच. बगलेतल्या भोकात ती कोंबून कोणी देत असेल तर नको म्हणा. वर चढायचं असेल तर गती कमी करून, धारेला घासत नव्हे तर जरा आडवं चढा.

टायरची अदलाबदल दर आठ-दहा हजार किलोमीटरनी करा. पुढच्या चाकांवर ओढणाऱ्या गाड्यांत पुढचे टायर लवकर जातात. पण आधीच एकीकडे खाल्लेला टायर मागे ढकलून कारण लपवू नका. बगलेवर बाण असेल तर डावा-उजवा बदलायचा नाही, फक्त पुढचा मागे. नट समोरासमोरचे आवळा, ओळीनं नाही, आणि पन्नासेक किलोमीटरनंतर पुन्हा एकदा बघा.

नक्षी 1.6 मिलिमीटरवर आली की टायर संपला. खाचांच्या तळाशी लहान आडवे उंचवटे असतात, नक्षी त्यांच्या बरोबरीला आली की समजा. आमच्याकडच्या पावसात मी त्याच्या बरंच आधी बदलतो. खानापूरच्या पुढे पाणी रस्त्यावरूनच वाहतं.

आणि स्टेपनी. माझ्या स्टेपनीत एकदा चोर्ला घाटात चौदा पीएसआयच हवा निघाली. मोबाइलला रेंज नव्हती. आता महिन्याला चार नव्हे, पाच टायरची हवा बघतो.