स्वतःची ऑपरेटिंग सिस्टिम: आधी ‘कशासाठी’ ते ठरवा

कोडची पहिली ओळ लिहिण्याआधी हेतू एका वाक्यात कागदावर उतरवा. कामाचा क्रम त्यावरच ठरतो.

यंत्र आतून कसं चालतं ते समजून घ्यायचं असेल, तर बूट सेक्टरपासून, म्हणजे यंत्र सुरू होताना डिस्कवरून वाचल्या जाणाऱ्या पहिल्या तुकड्यापासून, सुरुवात करा. नेमके 512 बाइट, शेवटच्या दोन बाइटची मूल्यं 85 आणि 170. ते चुकले की बहुतेक बायोस (यंत्र सुरू करणारे अंगभूत प्रोग्राम) ती डिस्क बूट करत नाहीत. रस शेड्युलर (कोणत्या प्रोग्रामला प्रोसेसर कधी द्यायचा ते ठरवणारा भाग) किंवा मेमरी व्यवस्थापनात असेल, तर सिस्टिम मेमरीत आणणारा बूटलोडर लिहीत बसू नका. ग्रब हा तयार बूटलोडर वापरा आणि थेट कर्नलला, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याला, हात घाला.

प्रोसेसरच्या प्रोटेक्टेड मोडमध्ये (मेमरीला संरक्षण देणाऱ्या मोडमध्ये) इंटरप्टचा, म्हणजे उपकरणांकडून प्रोसेसरला येणाऱ्या हाकांचा, तक्ता न भरता इंटरप्ट सुरू केले, की टायमरचा पहिला ठोका पडताच ट्रिपल फॉल्ट (चूक हाताळतानाच पुन्हा पुन्हा चूक) होतो आणि यंत्र रीबूट होत राहतं. म्हणून चाचणी क्यूएमूवर (संगणकाची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर), रीबूट बंद आणि इंटरप्टची नोंद चालू ठेवून करा. एरवी चूक कुठे झाली ते दिसतच नाही.

विंडोजला पर्याय उभारण्याचा हेतू मात्र दमवतो: वाय-फाय, ग्राफिक्स, यूएसबी, प्रत्येकाचा ड्रायव्हर लिहावा लागतो. 1991 च्या ऑगस्टमध्ये लिनक्स बनवणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सनेही आपलं काम छंद म्हणूनच जाहीर केलं होतं.

पहिलं ध्येय म्हणून दाबलेलं अक्षर स्वतःच्या कोडने पडद्यावर उमटवा. टेक्स्ट मोडमध्ये (पडद्यावर फक्त अक्षरं दाखवणाऱ्या मोडमध्ये) प्रत्येक अक्षराला दोन बाइट लागतात: एक अक्षराचा, दुसरा रंगाचा.