जिताड्याची पिल्ले मोजत वाढवावीत: खाडीकाठच्या लहान नर्सरीसाठी

ठाणे खाडीच्या काठी जिताडा मासा वाढवू इच्छिणाऱ्यांची पहिली चौकशी बहुधा खाद्याची असते आणि दुसरी भावाची. पिल्ले मोजायची कधी, हे सहसा कोणी विचारत नाही. मीही विचारले नव्हते. ऐरोलीच्या बाजूला एका पत्र्याच्या शेडमध्ये मी पहिल्यांदा दोन सेंटिमीटरची २,००० पिल्ले टाक्यांत सोडली, दहा दिवस मनापासून खाऊ घातले, रोज सकाळी मेलेली पिल्ले उचलून वहीत नोंद ठेवली आणि अकराव्या दिवशी मोजणी केली तेव्हा हाती १,१०० लागली. मेलेल्यांची नोंद ३८ होती. उरलेली साडेआठशेहून अधिक पिल्ले ना टाकीबाहेर उडाली होती, ना निचऱ्याच्या नळीतून गेली होती. ती आपल्याच भावंडांच्या पोटात गेली होती. त्यामुळे या लेखात पाणी, खाद्य आणि रोग यांविषयी आवश्यक तेवढे सांगून मी अधिक वेळ प्रतवारीवर, म्हणजे पिल्ले आकारानुसार वेगळी करण्यावर, घालवणार आहे.

जिताडा, ज्याला बंगालमध्ये भेटकी म्हणतात, हा खाऱ्या पाण्यात जन्मून खाडीत आणि नदीत वर चढणारा मासा आहे. त्याची अंडी आणि अळ्या २८ ते ३२ पीपीटी (हजार भागांत इतके भाग क्षार) क्षारतेच्या, म्हणजे जवळजवळ समुद्राच्या, पाण्यातच नीट वाढतात. पण बोटाएवढे झालेले पिल्लू हळूहळू सवय लावल्यास गोड्या पाण्यातही राहते. रायगडमधील शेतकरी खाडीतून पकडलेली पिल्ले गावतळ्यांत सोडत आले, ते याच गुणाच्या भरवशावर. सॅमनचे याच्या नेमके उलट आहे: तो थंड नदीच्या वाळूगोट्यांत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला पुन्हा नदीत येतो. (आपल्याकडच्या हॉटेलांत ‘इंडियन सॅमन’ म्हणून मिळणारा रावस हा तर सॅमनच्या कुळातलाही नाही.) ही तुलना करण्याचे कारण असे की सॅमनच्या हॅचरींविषयी (अंड्यांतून पिल्ले काढणाऱ्या केंद्रांविषयी) वाचून तिथली घनता आपल्या टाकीला लावणारे उत्साही लोक मला भेटले आहेत. १० अंश तापमानाच्या गोड्या पाण्यात प्रत्येक लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर आपल्याकडच्या ३० अंशांच्या खाऱ्या पाण्यात जेमतेम साडेसहा. शिवाय गरम पाण्यातल्या माशाला प्राणवायू लागतोही अधिक. दोन सेंटिमीटरच्या पिल्लांसाठी मी दर हजार लिटरला ५०० ही संख्या धरतो. अनुभवी माणूस दुप्पटही ठेवतो, परंतु त्याच्याकडे रात्री जागणारा मदतनीस असतो.

जागा निवडताना कांदळवनाला हात लावायचा नाही, हे पहिले बंधन. किनाऱ्यालगत खारे पाणी वापरून व्यवसाय करायचा असल्यास २००५ च्या कायद्याने स्थापन झालेल्या किनारी जलकृषी प्राधिकरणाकडील नोंदणीचा आणि सीआरझेडचा, म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या नियमांचा, प्रश्न टाक्या विकत घेण्यापूर्वीच मार्गी लावावा. मत्स्यबीज, म्हणजे वाढवायची पिल्ले, नोंदणीकृत हॅचरीतूनच आणावे. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलजीव संवर्धन संस्थेने १९९७ मध्ये जिताड्याचे कृत्रिम प्रजनन यशस्वी केले, तेव्हापासून खाडीतल्या रानटी पिल्लांवर अवलंबून राहण्याचे कारण उरलेले नाही. रानटी पिल्ले स्वस्त पडतात हे खरे, पण ती वेगवेगळ्या आकारांची असतात, त्यांना दाणेदार खाद्याची ओळख नसते आणि त्यांच्याबरोबर कोणते परजीवी येतील ते सांगता येत नाही.

पाण्याबाबत ठाणे खाडी ही अडचणीची शेजारीण आहे. उत्तरेकडे उल्हास नदीशी तिचा संबंध अगदी अरुंद आहे आणि पूर्व काठाला ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा आहे, त्यामुळे ओहोटीच्या वेळी खेचलेले पाणी म्हणजे बहुतांशी नाल्यांचेच पाणी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासच्या उधाणाच्या भरतीला, पाणी पूर्ण चढल्यावर, वरच्या थरातून पंप लावावा; भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या, दिवसांत शक्यतो पाणी घेऊच नये. ते बारीक कापडी गाळणीतून गाळून साठवणीच्या टाकीत किमान दोन दिवस निवळू द्यावे आणि वरचे स्वच्छ पाणी दुसऱ्या टाकीत घेऊन दर हजार लिटरला सुमारे ३० ग्रॅम ब्लीचिंग पावडर मिसळावी. पुढे एक-दोन दिवस जोरात हवा सोडली की क्लोरीन उडून जाते. तरीही क्लोरीन तपासण्याच्या किटने खात्री केल्याशिवाय ते पाणी वापरू नये आणि अंश उरलाच असेल तर सोडियम थायोसल्फेट टाकून तो घालवावा. हीच काळजी नळाच्या पाण्यालाही लागू आहे, कारण मोरबे धरणातून नवी मुंबईत येणारे पाणी घरी पोचते ते क्लोरीन घेऊनच, आणि माणसाला निर्धोक असलेले क्लोरीन माशाचे कल्ले जाळते.

दोन्ही पाणी तयार झाले की हवी ती क्षारता मिश्रणाने मिळते: ३० पीपीटीच्या पाच भाग पाण्यात एक भाग गोडे पाणी मिसळले की २५ पीपीटी होते. पावसाळ्यात खाडीचे पाणी इतके पातळ होते की हे गणित मांडताच येत नाही, म्हणून जूनपूर्वी खारे पाणी साठवून ठेवावे. मिठागरातले मीठ गोड्या पाण्यात विरघळवून काम भागवण्याचा सल्ला कोणी दिल्यास ऐकू नये. त्यात मुख्यतः सोडियम क्लोराइड असते आणि समुद्राच्या पाण्यातील कॅल्शियम, मॅग्नेशियम व पोटॅशियम त्या प्रमाणात नसतात.

मत्स्यबीज तामिळनाडूहून प्राणवायू भरलेल्या पिशव्यांत येते आणि प्रवासाला अनेक तास लागतात. या काळात पिल्लांच्या श्वासाने पाण्यात कार्बन डायऑक्साइड आणि उत्सर्गाने अमोनिया साचतो. कार्बन डायऑक्साइडमुळे पाण्याचा पीएच उतरलेला असतो आणि उतरलेल्या पीएचमध्ये अमोनिया फारसा विषारी राहत नाही. पण पिशवीचे तोंड उघडताच कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया कल्ल्यांवर उठतो. म्हणून पिशव्या बंद असतानाच पंधरा ते वीस मिनिटे टाकीत तरंगत ठेवून तापमान जुळवावे आणि उघडल्यानंतर रेंगाळू नये. पिशवी उघडून तासभर थेंबथेंब पाणी मिसळत बसण्याची हौशी मत्स्यपालकांची पद्धत इथे घातक ठरू शकते. यावर उपाय साधा आहे: निघण्याच्या आदल्या दिवशी हॅचरीला फोन करून पॅकिंगच्या पाण्याची क्षारता विचारून घ्यावी आणि आपल्या टाकीचे पाणी नेमके तेवढेच करून ठेवावे, म्हणजे जुळवून घेण्यासारखे काही उरतच नाही. पिशवीतले पाणी टाकीत ओतू नये. पिल्ले मऊ जाळीने उचलून सोडावीत आणि सोडतानाच त्यांची मोजणी करावी.

आता प्रतवारी. जिताड्याचे पिल्लू स्वतःच्या लांबीच्या जवळजवळ दोन-तृतीयांश लांबीचे भावंड गिळू शकते. यावरून काम करण्याजोगा नियम निघतो तो असा की एका टाकीतील सर्वात मोठे पिल्लू सर्वात लहान पिल्लाच्या दीडपटीहून लांब असता कामा नये. हा फरक निर्माण व्हायला वेळ लागत नाही, कारण पहिल्या आठवड्यातच काही पिल्ले इतरांना मागे टाकून झपाट्याने वाढतात; व्यवसायातले लोक त्यांना ‘शूटर’ म्हणतात. शूटर एक भावंड गिळतो, त्या एका जेवणाने आणखी वाढतो आणि मग त्याच्या तोंडात मावणाऱ्या भावंडांची संख्याही वाढते. शंभरात असे तीन-चार असले तरी टाकी रिकामी होऊ लागते आणि आपल्याला कळत नाही, कारण मेलेला मासा दिसतो, खाल्लेला दिसत नाही. शेपटी बाहेर लोंबणारे तोंड घेऊन एखादे पिल्लू फिरताना दिसले तर ती धोक्याची पहिली नव्हे, बरीच उशिरा मिळालेली सूचना समजावी.

पिल्ले दहा सेंटिमीटरची होईपर्यंत दर तीन ते चार दिवसांनी प्रतवारी करावी. यासाठी प्लास्टिकच्या टबांच्या तळाला आणि बाजूंना एकसारखी भोके पाडून चाळण्या करून घ्याव्यात. अडीच मिलिमीटरपासून दहा मिलिमीटरपर्यंत पाच-सहा मापांच्या चाळण्या पूर्ण हंगामाला पुरतात. भोकांच्या कडा तापलेल्या सळईने किंवा पॉलिश कागदाने गुळगुळीत केल्याच पाहिजेत, अन्यथा खवले निघतात आणि तिसऱ्या दिवशी पांढरे चट्टे उठतात. कामाची वेळ पहाटेची, पाणी थंड असतानाची, आणि पोट रिकामे असतानाची असावी. टाकीतील पाणी अर्ध्यावर आणून पिल्ले हळूच एका बाजूला घ्यावीत, चाळणी दुसऱ्या टबातील पाण्यात अर्धी बुडवून ठेवावी आणि थोडी थोडी पिल्ले तिच्यात सोडून चाळणी किंचित हलवावी. बारीक पिल्ले आपणहून खाली पोहत जातात. चाळणी पाण्याबाहेर उचलून धान्य पाखडावे तशी हलवणारे हात मी पाहिले आहेत, आणि त्या टाकीचे पुढे काय झाले तेही. लहान, मध्यम आणि मोठी असे तीन गट करून प्रत्येकाची स्वतंत्र टाकी किंवा हापा (पाण्यात बांधलेली जाळीची पेटी) ठेवावा, म्हणजे नर्सरी सुरू करताना जेवढ्या टाक्या लागतील असे वाटते त्याच्या किमान दुप्पट टाक्या लागतात. प्रत्येक प्रतवारीनंतर गटवार संख्या वहीत लिहावी आणि मागील संख्येतून मेलेली व आताची वजा करावी; उरणारी ‘बेपत्ता’ संख्या हा नर्सरीचा खरा ताप मोजणारा आकडा असतो. तो वाढू लागला की चार दिवसांचे अंतर तीनवर आणावे.

भूक आणि भक्षण यांचा संबंध उघड आहे, परंतु पोटभर खाद्य दिले म्हणजे प्रतवारी टळते असे मात्र नाही. ४५ ते ५० टक्के प्रथिनांचे, सावकाश बुडणारे दाणे निवडावेत, कारण जिताडा मधल्या पाण्यात हलणारा घास टिपतो आणि तळाशी पडलेल्या दाण्याकडे सहसा वळत नाही. सुरुवातीला दिवसातून सहा वेळा, पुढे चार वेळा, आणि पहाटे व तिन्हीसांजेला हात थोडा सैल ठेवून खाद्य द्यावे. मूठभर दाणे एकाच कोपऱ्यात टाकले तर ते दांडग्यांनाच मिळतात, म्हणून टाकीभर पसरून, चिमटीचिमटीने, पिल्ले वर यायची थांबेपर्यंत टाकावे. पिल्ले दाणे घेत नसतील तर ताजा जवळा स्वच्छ धुऊन, बारीक वाटून दाण्यांबरोबर द्यावा आणि आठवडाभरात त्याचे प्रमाण शून्यावर आणावे. कोळीवाड्यात जवळा सहज मिळतो म्हणून हंगामभर त्यावरच भागवण्याचा मोह होतो, पण पाणी नासते आणि रोग आत येण्याची वाट मोकळी होते. खाद्यानंतर तासाभराने तळाची घाण नळीने ओढून काढावी आणि रोज किमान एक-तृतीयांश पाणी बदलावे.

पाण्यात विरघळलेला प्राणवायू लिटरमागे ५ मिलिग्रॅमच्या खाली आणि एकूण अमोनिया १ मिलिग्रॅमच्या वर जाऊ देऊ नये. वीज जाण्याचा धोका आपल्याकडे वादळी पावसात अधिक असतो. म्हणून हवा सोडणाऱ्या ब्लोअरला बॅटरीची जोड आणि बॅटरीवर चालणारे दोन लहान हवापंप आधीच चालवून पाहिलेले असावेत. उघड्या टाक्यांवर पावसाळ्यात छप्पर हवेच, कारण पावसाचे हलके पाणी वर तरंगून खाली खाऱ्या पाण्याचा प्राणवायू कमी झालेला थर कोंडला जातो. छप्पर नसेल तर हे वरचे पाणी लगेच काढून टाकावे.

रोगांविषयी थोडक्यात. अंगावर चिकट थर आला, पिल्ले टाकीच्या भिंतीला घासू लागली, तर बाह्य परजीवींचा संशय घेऊन क्लोरीन काढलेल्या, हवा सोडलेल्या गोड्या पाण्यात पाच ते दहा मिनिटे बुडवावे. जिताड्याला ते सोसते, अनेक सागरी परजीवींना सोसत नाही. पिल्ले काळवंडून गोल गोल गिरक्या घेऊ लागली तर तो मज्जासंस्थेवर हल्ला करणारा विषाणू असू शकतो. त्यावर औषध नाही. ती टाकी वेगळी करून तिची जाळी, बादली आणि हात इतरत्र लागू देऊ नयेत, आणि नमुना प्रयोगशाळेत पाठवावा. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान गटातील औषधांना मत्स्यपालनात बंदी आहे, दुकानदार काहीही सांगो.

पंचेचाळीस ते साठ दिवसांत पिल्ले सात ते दहा सेंटिमीटरची होतात. ज्या तळ्यात किंवा पिंजऱ्यात ती जाणार तिथली क्षारता ग्राहकाच्या तोंडी अंदाजावर न ठेवता बाटलीत पाणी मागवून स्वतः मोजावी आणि रोज ५ पीपीटीहून अधिक न उतरवता टाकी तिथवर आणावी. २५ वरून गोड्या पाण्यापर्यंत यायला आठवडा हाताशी हवा. पाठवण्यापूर्वी एक दिवस उपाशी ठेवावे, पहाटे भरावे, आणि तळ्यात थेट न सोडता तीन दिवस हाप्यात ठेवून चौथ्या दिवशी मोजून सोडावे, कारण उपाशी राहिलेल्या आणि प्रवासाने दमलेल्या पिल्लांतही शूटर असतातच.