जीआर वाचायचा तर खालून वर

“नवा कायदा आला म्हणे!” शेजारी गेटवरून ओरडले की मी विचारतो, “कागद कुठाय बाप्पा?” व्हॉट्सअ‍ॅपचा फोटो चालत नाही. जीआर, म्हणजे शासन निर्णय, शासनाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो.

विधेयक असेल तर शेवटाकडचं ‘उद्देश व कारणे यांचे निवेदन’ आधी वाचा. सरकारचं नेमकं दुखणं तिथं कळतं. आपल्या नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात मांडलं म्हणजे झालं, असं नाही. दोन्ही सभागृहं, राज्यपालांची संमती, मग राजपत्र.

जीआरवर वरती ‘वाचा’ म्हणून जुन्या निर्णयांची यादी असते. ती मी एकदा ओलांडली अन् रद्द झालेल्या जीआरवर अर्ज ठोकला. भर मे महिन्यात दोन चकरा! तळाशी लांबलचक संकेतांक दिसेल, त्याचे पहिले आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना, दिवस. शोधताना तोच टाका.