नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या वाड्यात कॉफी शॉप थाटताना

वाडा वारसा यादीत असेल तर आधी हेरिटेज समितीची परवानगी. त्याआधी हातोडा उचलू नका.

भिंतींना सिमेंट मुळीच नको. आतली ओल सिमेंटमागे अडकते, पोपडे सुटतात, विटांचा भुगा होतो. १ भाग चुना, ३ भाग वाळू असा गिलावा करा, आठवडाभर ओलसर ठेवा. घाई केली की तडे जातात.

काउंटर स्वतःच्या पायांवर उभा करा, सागवानी खांबांना खिळा लागू नये. दोन ग्रुपच्या (कॉफी उतरवणाऱ्या दोन तोंडांच्या) एस्प्रेसो मशीनला साधारण ४ किलोवॉट वीज लागते: स्वतंत्र ३२ अँपिअर एमसीबी (जादा भार आला की वीज तोडणारा स्विच), ६ चौरस मिलिमीटर तांब्याची वायर, भिंत न खोदता वरून पाइपातून. वाफेसाठी मशीन भिंतीपासून वीतभर पुढे.

उन्हाळ्यात कूलरचा झोत ग्राइंडरवर येऊ देऊ नका. दमट हवेत पूड चिकटते आणि दळणाची जाडी सारखी बदलावी लागते.