हृदयपेशींवर औषध तपासायचं असेल तर एमईए प्लेट अशी लावा

स्टेम सेलपासून वाढवलेल्या मानवी हृदयपेशींची लय एखाद्या औषधाने बिघडते का, हे आमच्या लॅबमध्ये एमईएवर, म्हणजे मायक्रोइलेक्ट्रोड ॲरेवर, बघतात. प्लेटच्या तळाला बारीक इलेक्ट्रोड आणि त्यांवर आपोआप धडधडणारा पेशींचा थर. नव्याने आलेल्या प्रत्येकाला मी हेच बजावते, की पेशी लावताना केलेली घाई नंतर कुठलंही सॉफ्टवेअर भरून काढत नाही.

आधी फायब्रोनेक्टिन, म्हणजे पेशींना तळाशी चिकटायला मदत करणारं प्रथिन. साधारण ५ मायक्रोलिटरचा थेंब नेमका इलेक्ट्रोडांवर सोडायचा. मनगट टेकवा आणि पिपेटचं टोक तळाला लागू देऊ नका. थेंब कडेला ओघळला तर पेशीही तिकडेच चिकटतात. वेल्सच्या, म्हणजे प्लेटमधल्या पेशींच्या छोट्या खळग्यांच्या, भोवतीच्या खणांत निर्जंतुक पाणी भरा, नाहीतर एवढासा थेंब इन्क्युबेटरमध्ये बघता बघता वाळतो. तासाभराने तो काढून लगेच त्याच जागी पेशींचा थेंब. आणखी तासाने मीडियम, म्हणजे पेशींना पोसणारा द्रव, घाला, तेही भिंतीवरून, हळूहळू, दोन वेळा थोडं थोडं. एकदम ओतलं की नुकत्या चिकटलेल्या पेशी सुटून वर येतात.

दोन-तीन दिवसांत ठोके दिसू लागतात. तरी आठवडाभर थांबा. मीडियम रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशीच बदलून ठेवा.

रेकॉर्डिंग ३७ अंशांवर आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडमध्येच करा. तापमान घसरलं की आयन चॅनल, म्हणजे पेशीच्या आवरणातली सोडियम-पोटॅशियमची दारं, मंदावतात आणि औषध न देताच सिग्नल लांबतो. प्लेट मशीनमध्ये ठेवल्यावर पंधरा-वीस मिनिटं तिला हात लावू नका.

आता सिग्नल नीट बघा. आधी एक टोकदार झटका येतो, तो सोडियम आत शिरल्याचा. मग बराच वेळ शांतता, आणि शेवटी एक छोटा, पसरट उंचवटा. पोटॅशियम बाहेर पडून पेशी पूर्ववत होतात, त्याची ती खूण. या दोहोंमधला काळ म्हणजे ईसीजीतल्या क्यूटीचा, म्हणजे ठोक्याच्या विद्युत सुरुवातीपासून पूर्ववत होईपर्यंतच्या अंतराचा, जवळचा नातेवाईक. ज्या वेलमध्ये उंचवटा स्पष्ट नाही ती औषध देण्याआधीच बाद करा. औषध दिल्यावर वेल्स गाळणं म्हणजे हवा तो निकाल निवडणं, आणि ते मला अजिबात चालत नाही.

डीएमएसओ, म्हणजे औषध विरघळवायचा द्रव, सगळीकडे सारखंच, ०.१ टक्क्याच्या वर नको. काही वेल्सना फक्त डीएमएसओ द्या, काहींना डोफेटिलाइड हे हृदयाच्या लयीचं औषध. डोफेटिलाइड एचईआरजी हा पोटॅशियम चॅनल अडवतं, त्यामुळे त्याने काळ लांबायलाच हवा. लांबला नाही तर त्या दिवसाचा डेटा वापरू नका. वेरापॅमिल हे दुसरं हृदयाचं औषधही ठेवा. तेही एचईआरजी अडवतं, पण सोबत कॅल्शियमही रोखतं, म्हणून इथे काळ उलट आखडतो. एकटा चॅनल तपासून हे कधीच कळलं नसतं. ठोक्यांचा वेग बदलला असेल तर दुरुस्ती करा, पण ठरलेलं सूत्र डोळे मिटून लावू नका. आपल्या पेशींमध्ये वेग आणि काळ यांचं नातं कसं आहे, ते औषधाविना आधी मोजा.

टर्फेनाडिन ही ॲलर्जीची गोळी अमेरिकेत १९९८मध्ये बाजारातून गेली ती याच एचईआरजी चॅनलमुळे. एरवी यकृत तिचं झटपट फेक्सोफेनाडिन करतं, ते या चॅनलला त्रास देत नाही. सोबत किटोकोनॅझोल हे बुरशीवरचं औषध घेतलं की ते रूपांतर अडतं आणि मूळ औषध रक्तात साचतं. आपल्या प्लेटमध्ये यकृत नाही. म्हणून औषधापासून शरीरात काय तयार होतं ते आधी शोधा, त्याच्यासाठी वेगळ्या वेल्स ठेवा, आणि डोस रक्तात प्रथिनांना न चिकटता मोकळ्या राहणाऱ्या औषधाच्या प्रमाणावरून ठरवा.