कॉलेजात नेतृत्व विकास कार्यक्रमाचा प्रचार कसा करावा: पोस्टर लावून झाल्यानंतरचं खरं काम

कार्यक्रमाचा आराखडा ठरलाय, प्राचार्यांची सही झालीय, हॉल मिळालाय आणि शिकवणारी माणसं पक्की आहेत, असं मी धरून चालते. यातलं काही बाकी असेल तर आधी ते उरका. 'तारीख लवकरच कळवू' असं पोस्टर लावलंत तर मुलं ते वाचतात आणि तिथल्या तिथे विसरतात.

मी पहिल्यांदा हे काम केलं तेव्हा सगळं 'पुस्तकाप्रमाणे' केलं होतं. प्रत्येक मजल्यावर रंगीत पोस्टर, झाडून सगळ्या ग्रुपवर मेसेज, वर्गावर्गात घोषणा. दीडशे खुर्च्या मांडल्या. आले चौदा जण, त्यातले नऊ आमच्याच समितीचे मित्र. पाहुण्यांनी रिकाम्या रांगांकडे एकदा बघितलं, माईक बंद केला आणि म्हणाले, "या, सगळे पुढे या, गोल करून बसू." त्या खुर्च्या नंतर आम्हीच उचलून ठेवल्या. तेव्हापासून 'जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचा' हा सल्ला कुणी दिला की माझं डोकं फिरतं. पोहोचलो होतो की आम्ही! सगळ्यांना माहीत होतं, फक्त आलं कुणी नाही.

तारीख

सबमिशन, तोंडी परीक्षा आणि क्रीडास्पर्धा यांच्यापासून लांब ठेवा. प्रचार तीन आठवडे आधी सुरू करा. त्याआधी केलेला वाया जातो.

मजकूर

'सर्वांगीण व्यक्तिमत्त्व विकासाची सुवर्णसंधी' हे वाक्य खोडा. त्याऐवजी तिथे नेमकं काय करायचंय ते लिहा: सहा शनिवार, दोन-दोन तास, बैठक वेळेत कशी संपवायची, एकमेकांशी न बोलणाऱ्या दोघांकडून एकत्र काम कसं करून घ्यायचं, खर्चाचा हिशेब चारचौघांसमोर कसा मांडायचा.

'नेतृत्व' या शब्दाची एक गंमत आहे. तो वाचला की मुलांच्या डोळ्यांसमोर माईक हातात घेतलेला पुढारी उभा राहतो. मग आधीच पुढे-पुढे करणारे येतात, आणि जिच्यामुळे अख्ख्या बॅचच्या जर्नल्स वेळेवर तपासून होतात ती मुलगी 'हे आपल्यासाठी नाही' म्हणून पोस्टरवरून नजर फिरवून निघून जाते. खरं तर नेतृत्व शिक्षणातली माणसं हा समज कधीच मागे टाकून पुढे गेलीत. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात हेलन आणि अलेक्झांडर ॲस्टिन यांच्या पुढाकाराने १९९० च्या दशकात खास विद्यार्थ्यांसाठी तयार झालेलं 'सामाजिक बदलाचं प्रारूप' नेतृत्वाकडे पद म्हणून बघतच नाही; अनेकांनी मिळून बदल घडवायची प्रक्रिया म्हणून बघतं. तुमच्या कार्यक्रमाचा आशय तसा असेल तर पोस्टरवर मूठ उगारलेल्या माणसाचं चित्र कशाला? शब्द ठेवायचा तर ठेवा, पण त्याच्याखाली साधं लिहा: 'पद नसेल तरी चालेल. भाषण करावं लागणार नाही.' आमच्याकडे या दोन ओळींनी जेवढी चौकशी वाढवली तेवढी कुठल्याच घोषवाक्याने वाढवली नव्हती.

पोस्टर, फॉर्म, घोषणा

पोस्टर लावायचं ते लोक रेंगाळतात तिथे: झेरॉक्सची रांग, पाण्याचा कूलर, लिफ्टचं दार. फॉर्ममध्ये नाव, वर्ग, फोन नंबर एवढंच. 'तुम्हाला नेता का व्हायचे आहे, २०० शब्दांत लिहा' हा रकाना ज्याला सुचला त्याला आधी तो भरायला लावा. वर्गात घोषणा करायची तर शिकवणाऱ्यांना आदल्या दिवशी विचारून ठेवा, दीड मिनिटात संपवा, आणि बोलायला समितीऐवजी गेल्या तुकडीतलं कुणीतरी पाठवा. बस.

विचारणं: इथेच सगळे घसरतात

पोस्टर आणि मेसेज यांचं काम एवढंच की तुम्ही समोर जाऊन विचारलंत तेव्हा समोरच्याने 'हे काय असतं?' म्हणू नये. मुलं येतात ती कुणीतरी नाव घेऊन बोलावल्यावर. तीस मुलं हवी असतील तर किमान साठ जणांना एकेकटं गाठायची तयारी ठेवा. होय, साठ. समितीत दहा जण असतील तर प्रत्येकी सहा होतात, त्याचा एवढा बाऊ करू नका.

आधी यादी. प्राध्यापकांना 'चांगली मुलं सुचवा' असं म्हणालात की गुणवत्ता यादी हातात येते. मी तसं विचारत नाही. लॅब असिस्टंट, ग्रंथालयातले कर्मचारी, मैदानावरचे प्रशिक्षक, वसतिगृहाच्या रेक्टर यांच्याकडे जाते आणि विचारते, "गेल्या दोन महिन्यांत काही अडलं होतं तेव्हा कोणत्या मुलाने मार्ग काढला?" ते क्षणभर विचार करतात आणि मग जी नावं सांगतात ती समितीतल्या कुणाच्याच डोक्यात आलेली नसतात.

मग कुणी कुणाला विचारायचं ते ठरवा. समितीने आपापल्या मित्रांना विचारलं की कार्यक्रम एकाच कट्ट्याचा होतो. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली मांडलेली गोष्ट इथे तंतोतंत लागू पडते: ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्यांनी विचारलं तेव्हा खबर देणारा माणूस वरचेवर भेटणारा होता असं सांगणारे १७ टक्केसुद्धा नव्हते. बाकीच्यांना ती अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्यांकडून मिळाली होती. जवळच्या मित्रांना जे माहीत असतं ते बहुधा तुम्हालाही असतंच. म्हणून समितीत बसने येणारं एक, वसतिगृहातलं एक, खेळाडू एक, आणि कुठल्याच ग्रुपमध्ये नसलेलं एक, अशी माणसं मुद्दाम घ्या.

आता प्रत्यक्ष विचारणं. चार मित्रांच्या घोळक्यात कधीही विचारू नका. "ही? आणि लीडर?" असं कुणीतरी हसत म्हणतं आणि विषय तिथेच संपतो. एकटी गाठा, आणि तुम्ही किंवा लॅबवाल्यांनी जे पाहिलंय तेच सांगा. "परवा मशीन बंद पडलं तेव्हा तू दोन बॅचच्या वेळा बदलून सगळ्यांचं प्रॅक्टिकल करून घेतलंस म्हणे. हे कसं जमतं, आणखी चांगलं कसं जमेल, यावरच शनिवारचे तास आहेत. येशील?" एवढंच बोलायचं. 'तुझ्यात खूप क्षमता आहे' वगैरे नको. ते ऐकून मुलं सावध होतात, आणि बरोबरच करतात.

इथे एक चूक कबूल करते. एका वर्षी वेळ वाचवायला मी असा एक छान मजकूर लिहून समितीला दिला आणि म्हटलं, नाव बदलून पाठवत जा. वसतिगृहात एकाच खोलीतल्या दोघींनी आपापले फोन शेजारी ठेवून बघितले. स्वल्पविरामासकट तोच मजकूर. त्या वर्षी त्या मजल्यावरून एकही मुलगी आली नाही आणि बोलणी मी खाल्ली. समोरासमोर विचारायला वेळ नसेल तर यादी लहान करा, पण छापील आपुलकी वाटत फिरू नका.

उत्तर येतं "बघते". अनुभव नसलेले खूश होऊन यादीत टिकमार्क करतात. 'बघते' म्हणजे नाही. निदान अजून तरी नाही. आणि तुम्ही कार्यक्रमाचे फायदे पुन्हा ऐकवलेत तर ते पक्कं 'नाही' होतं. १९६५ साली येल विद्यापीठात हॉवर्ड लेव्हेन्थल आणि सहकाऱ्यांनी शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना धनुर्वाताची लस घ्यायला सांगणाऱ्या पुस्तिका दिल्या होत्या. काही पुस्तिका अंगावर काटा आणणाऱ्या, काही सौम्य. घाबरलेल्या मुलांना लस घ्यावी असं जास्त वाटलं, पण वाटण्याने पाय हलले नाहीत. नुसती पुस्तिका वाचलेल्यांपैकी लस घेतली ती सुमारे ३ टक्क्यांनी. काहींना मात्र आरोग्य केंद्रावर खूण केलेला कॅम्पसचा नकाशा दिला, लशीच्या वेळा दिल्या आणि आठवड्याचं वेळापत्रक बघून जायची वेळ ठरवा असं सांगितलं. त्यांच्यातले सुमारे २८ टक्के गेले. शेवटच्या वर्षाची मुलं, त्यांना आरोग्य केंद्र कुठे आहे ते काय माहीत नव्हतं?

तेव्हा 'बघते' म्हटलं की पटवत बसू नका, वेळ विचारा. "शनिवारी शेवटचं लेक्चर कितीला सुटतं? मग हॉलवर यायला दहा मिनिटं आहेत. घरी जायची बस कितीची? आपलं साडेचारला संपतं, पाचची मिळेल. सोबत कोण येईल तुझ्या?" आणि फॉर्म तिथेच, तुमच्यासमोर भरून घ्या. यात काही खरी अडचण असेल तर ती याच वेळी बाहेर येते: क्लास असतो, धाकट्या भावाला आणायचं असतं, पार्टटाइम काम असतं. ती सुटण्यासारखी असेल तर सोडवा, नसेल तर मोकळ्या मनाने सोडून द्या.

हजेरीची सक्ती आणि प्रमाणपत्राचं गाजर, दोन्हींपासून लांब राहा. एकदा वरून आदेश आला म्हणून आम्ही सक्ती केली होती. हॉल भरला आणि माना मोबाइलमध्ये. पुढच्या वर्षी विचारायला गेले तर उत्तर ठरलेलं: "तो बसवून ठेवतात तोच ना?" हा डाग धुवायला दोन वर्षं गेली. प्रमाणपत्र द्यायचं असेल तर द्या, पोस्टरवर मात्र नको.

आदला दिवस आणि नंतरचा सोमवार

ज्याने विचारलं त्यानेच आदल्या संध्याकाळी फोन करायचा. ग्रुपवरची आठवण मोजू नका.

नाव देऊनही न आलेले असतातच. त्यांना सोमवारी गाठा, पण "का नाही आलीस?" असं विचारू नका; मुलगी सबब सांगते आणि नंतर दोन महिने तुम्हाला चुकवत फिरते. "पहिल्या तासाला काय झालं ते दोन मिनिटांत सांगते, शनिवारी तुझी जागा आहे," एवढं म्हणा. आणि साफ नाही म्हणालेल्यांची नावं वहीतून खोडू नका, शेजारी कारण लिहून ठेवा. पुढच्या सत्रात वेळापत्रक बदललं की माझी पहिली दहा माणसं त्याच पानावर सापडतात.