विल्झेडर बेर्ग फक्त १६९ मीटर? ल्युनेबुर्गर हायडेत फिरताना या चुका टाळा

ऑगस्ट जवळ आला की हॅम्बुर्ग परिसरातल्या मराठी मंडळींत एकच विषय सुरू होतो: जांभळी फुलं बघायला कधी जायचं? शहराच्या दक्षिणेला पसरलेली ल्युनेबुर्गर हायडे, म्हणजे खुरट्या फुलझुडपांचं उघडं माळरान, त्या महिन्यात अक्षरशः रंगून निघते. मग कुणीतरी नकाशा उघडतं, तिथल्या सगळ्यात उंच टेकडीची उंची बघतं, विल्झेडर बेर्ग, १६९ मीटर, आणि बहुतेक चुका तिथंच सुरू होतात. कळसूबाईचे १६४६ मीटर चढून आलेल्या माणसाला हा आकडा किरकोळ वाटणारच. मग पाचजणांत पाण्याची एक बाटली, पायात सँडल आणि घरून निघायची वेळ दुपारी बारा.

या टेकड्यांची उंची कुणाला दमवत नाही. दमवतं ते अंतर, वाळू आणि डोक्यावरचं उघडं आभाळ. तयारी त्या तिन्हींची हवी.

उंची बघून वेळ ठरवणं

विल्झेडर बेर्गच्या पायथ्याशी गाडी नेता येत नाही. टेकडीशेजारचं विल्झेडे हे गावच मोटारींना बंद आहे. उंडेलो किंवा नीडरहाफरबेकला गाडी लावायची आणि पुढचे चारेक किलोमीटर पायी, सायकलनं किंवा घोडागाडीनं जायचं. उंडेलोहून येणाऱ्यांना गावापासून माथा आणखी दीडेक किलोमीटर पडतो. टोटेनग्रुंड ही सुंदर खोलगट दरी गावाच्या दुसऱ्या बाजूला. माथा, गाव आणि दरी असं सगळं जोडून परतायचं म्हटलं तर सहज बारा-चौदा किलोमीटरची चाल होते. सपाट आहे म्हणून तासाला पाच किलोमीटरचा हिशोब धरू नका. तीन धरा, लहान मुलं बरोबर असतील तर अडीच.

कारण वाळू. हिमयुगातल्या हिमनदीनं ढकलत आणलेल्या वाळू-गोट्यांचा ढीग म्हणजेच ही टेकडी. त्यामुळे वाटा कोरड्या हवेत भुसभुशीत होतात. घोडागाड्यांच्या चाकोरीत पाऊल टाकलं की टाच रुतते आणि प्रत्येक पावलाला थोडं मागं सरकायला होतं. बारीक वाळू जाळीदार बुटांतून आत शिरते आणि तासाभरात बोटांच्या कडेला फोड येतात. दोन चाकोऱ्यांच्या मधला घट्ट पट्टा धरून चाला. घोट्यापर्यंतचे बूट आणि मोजे घाला. पायाला चटका जाणवला की लगेच थांबून वाळू झटका आणि तिथं चिकटपट्टी लावा. फोड आल्यावर ती लावून फारसा उपयोग होत नाही. बाबागाडी न्यायची असेल तर रुंद चाकांची न्या, नाहीतर बाळाला सरळ पाठुंगळीच्या कॅरियरमध्ये घ्या. शहरी बाबागाडीची बारीक चाकं वाळूत फिरतच नाहीत, आणि फरसबंदीच्या रस्त्यावर बाळाला हादरे बसतात ते वेगळे.

फुलं नसताना पोचणं

इथली जुनी खूणगाठ सोपी आहे: ८ ऑगस्ट ते ९ सप्टेंबर. या महिन्याभरात झाडूसारखी दिसणारी हायडेची झुडपं फुलतात. पण हा अंदाज आहे, वेळापत्रक नव्हे. उन्हाळा कोरडा गेला तर फुलोरा उशिरा येतो किंवा फिका पडतो, आणि हायडेच्या पानांवर जगणारे भुंगेरे माजले तर अख्खे उतार तपकिरी दिसतात. निघण्याआधी स्थानिक पर्यटन संस्थेचं ‘हायडेब्ल्यूटेन-बारोमीटर’ बघा. कुठल्या भागात किती फुललंय ते त्यात कळतं. कासला जाण्याआधी आपण कुणाला तरी फोन करून ‘फुललंय का?’ विचारतो, तेच इथंही करावं.

गेलात आणि रंग नाहीच दिसला, तर दिवस वाया गेला असं समजू नका. माथ्यावर गाउसच्या नावाचा दगड आहे. १८२० च्या दशकात हानोवर राज्याची मोजणी करताना गणितज्ञ कार्ल फ्रीडरिश गाउसनं ही टेकडी मोजणीच्या त्रिकोणांचा एक कोपरा म्हणून वापरली होती. आसपास आडकाठी नाही, सगळीकडे नजर जाते, म्हणून. स्वच्छ हवेत उत्तरेला हॅम्बुर्गचे मनोरे दिसतात. त्या दगडापाशी उभं राहिलं की १६९ मीटर पुरेसे का होते ते लगेच कळतं.

फोटोसाठी जाणाऱ्यांनी भर दुपार टाळावी. बाराच्या उन्हात जांभळा रंग राखेसारखा होतो. सकाळी दव असताना झुडपाझुडपांवर कोळ्यांची जाळी चमकतात आणि टोटेनग्रुंडच्या तळाला धुकं साचलेलं असतं. ऑगस्टच्या सुरुवातीला सूर्य रात्री नऊच्या आसपास मावळतो, ९ सप्टेंबरला पावणेआठच्या सुमारास. त्यामुळे संध्याकाळचा बेतही छान जमतो, फक्त परतीच्या वाटेला उजेड उरेल असं बघा.

सावली आणि आडोसा मिळेल असं धरून चालणं

‘जर्मनीतलं ऊन ते काय’ ही समजूत हायडेत महागात पडते. मैलभर मोठं झाड नसतं. मध्येमध्ये ज्युनिपरची उभी झुडपं, त्यांची सावली जेमतेम हातभर. माणशी दीड लिटर पाणी आणि टोपी ही किमान तयारी. विल्झेडेत खायला-प्यायला मिळतं, पण वाटेवर दुकान नाही. रोख पैसे जवळ असू द्या. श्रावणात येणाऱ्यांसाठी एक सूचना: इथला प्रसिद्ध बकव्हीटचा केक कुट्टूच्या पिठाचा असतो खरा, पण त्यात अंडी असतात.

विजेच्या बाबतीत मात्र जराही ढिलाई नको. उघड्या माथ्यावर सगळ्यात उंच वस्तू तुम्हीच असता. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. तीन सेकंदांना एक किलोमीटर. दहा सेकंदांच्या आत ऐकू आला तर ताबडतोब माथा सोडा. एकट्या झाडाखाली थांबू नका. गाव लांब असेल तर खोलगट जागा बघून पाय जुळवून उकिडवे बसा, आणि सोबतच्यांपासून काही अंतर ठेवा.

वाट सोडून फुलांत शिरणं

ही चूक मला सगळ्यात जास्त खुपते. फोटोसाठी दोन पावलं आत, मग तिथं एक पायवाट पडते, मग तिथं वाळू उघडी पडते. हे कोवळं रान आपोआप टिकलेलं नाही. माणसानं जंगल तोडलं, शतकानुशतकं मेंढ्या चारल्या, म्हणून हायडे तयार झाली. चराई थांबली तर काही वर्षांतच बर्च आणि पाइन सगळं व्यापतील. १९०६ मध्ये विल्हेल्म बोडे नावाच्या पाद्र्यानं टोटेनग्रुंड विकत घेण्यासाठी पैसे उभे केले. तिथं घरं उठू नयेत हा त्यामागचा हेतू. आज सुमारे २३४ चौरस किलोमीटरचं हे राखीव क्षेत्र हायडश्नुके जातीच्या करड्या, शिंगवाल्या मेंढ्यांच्या तोंडावर टिकून आहे.

म्हणून वाट सोडायची नाही, फुलं तोडायची नाहीत, ड्रोन उडवायचा नाही, कुत्रा कायम पट्ट्यात. कळप वाट ओलांडत असेल तर बाजूला थांबा, मधून जाऊ नका. या भागात लांडगे परतले आहेत, त्यामुळे कळपाबरोबर राखणीचे कुत्रेही असू शकतात. सिगारेटबद्दल तर कायदाच आहे: नीडरझाक्सन राज्यात १ मार्च ते ३१ ऑक्टोबर जंगलात आणि हायडेत धूम्रपान व आग लावणं बंद. १९७५ च्या ऑगस्टमध्ये या राज्यात लागलेल्या वणव्यांत अग्निशामक दलाचे जवान मेले होते, हे इथले लोक विसरलेले नाहीत.

वाटेच्या कडेला सकाळी ऊन खात पडलेला साप दिसला, पाठीवर नागमोडी पट्टा असला, तर तो क्रॉयत्सओटर, आपल्या घोणसाच्या कुळातला आणि विषारी. त्याला जागा द्या, तो स्वतःच निघून जातो.

परतीचा विचार न करणं

१५ जुलै ते १५ ऑक्टोबर ‘हायडे-शटल’ ही मोफत बस धावते. तिची शेवटची फेरी निघण्याआधीच बघून ठेवा. ‘दमलो तर घोडागाडीनं येऊ’ असं ठरवून चालू नका. संध्याकाळी जागा मिळेलच असं नाही. मोबाइलची रेंज मध्येच जाते, नकाशा उतरवून घ्या. अडचण आलीच तर ११२ लावा आणि जवळ हिरव्या पाटीवर पांढरा क्रॉस आणि क्रमांक दिसला तर तो सांगा.

वेळ अर्धाच दिवस असेल तर विल्झेडेचा हट्ट सोडा. बुखहोल्ट्झहून गाडी पकडून ब्यूझेनबाखटालला उतरा. तिथून पफेर्डेकोप्फची टेकडी जवळ आहे, पायांत जोर असेल तर पुढं १२९ मीटरचा ब्रुन्सबेर्ग. गर्दी कमी आणि स्टेशन हाताशी.

घरी आल्यावर गोचीड न शोधणं

सिंधुदुर्गातल्यांना माकडतापामुळे गोचिडीचं भय ठाऊक आहे. इथली गोचीड वेगळा आजार देते, बोरेलिओसिस (लाइम रोग). घरी आल्यावर गुडघ्यामागं, जांघेत, काखेत, मुलांच्या केसांच्या कडेला नीट बघा. गोचीड तीळाएवढी लहान असू शकते. सापडली तर तेल, मलम काही लावू नका. बारीक चिमट्यानं त्वचेलगत धरून सरळ, सावकाश ओढा. चावल्याची तारीख लिहून ठेवा. पुढच्या काही आठवड्यांत त्या जागी लाल कडं उमटून पसरू लागलं, किंवा ताप आला, तर डॉक्टरकडे जा आणि गोचीड चावली होती हे आधी सांगा.